सुमे, गोळी बंद करू नकोस

नौपाडा, ठाणे
१७ मे, रविवार

प्रिय सुमे,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलीस, "अगं ती थायरॉईडची गोळी सोडली मी, नुसत्या घामाच्या धारा लागायच्या, आता पंधरा दिवस झाले, मस्त वाटतंय," आणि लगेच मुलाच्या ऍडमिशनवर गेलीस. माझ्याकडे तेव्हा पाहुणे बसले होते म्हणून मी हं हं केलं आणि फोन ठेवला. पण त्या दिवसापासून जिवाला चैन नाहीये माझ्या. काल व्हॉट्सॅपवर लिहायला घेतलं तर ते एवढं लांबत गेलं की म्हटलं नको, नीट पत्रच लिहू. शाळेत असताना सुट्टीत तू मामाकडे जायचीस तेव्हा लिहायचो ना आपण, तसं. दुपारी शांतपणे वाच.

पहिलं म्हणजे तुझा घाम खरा आहे. तुला कुणी म्हणालं असेल की मे महिना आहे, जळगावात ४४ डिग्री आहे, घाम नाही तर काय बर्फ पडणार. मलाही सगळे असंच म्हणत होते आणि मी सहा महिने ऐकून घेतलं. म्हणून तुला माझं सगळं पहिल्यापासून सांगते, थोडं तुला माहितीये, बरंचसं नाही.

सात वर्षांपूर्वी, चाळिशीत, मला थायरॉईड निघाला तेव्हा मला घाम यायचाच नाही गं. ठाणे स्टेशनचा पूल आठव, वाशी लाईनला जायला दहा नंबरवर उतरायचं, मे महिन्यात सगळ्या बायकांचे ड्रेस पाठीला चिकटलेले, ओढणीने मानेखाली पुसत चाललेल्या, आणि मी आपली कोरडी ठणठणीत. सासूबाई म्हणायच्या हिचं अंगच थंड आहे, नशीबवान आहे, आणि मलाही ते बरं वाटायचं. ऑफिसात एसीत मी शाल घेऊन बसायचे, टाचा फुटलेल्या, कंगव्यात केसांचा गुंता, वजन ७१ वर गेलेलं, संध्याकाळी कोपरखैरणेहून परत येताना उभ्या उभ्या डोळे मिटायचे. शेवटी रक्त तपासलं तर टीएसएच, म्हणजे थायरॉईडच्या टेस्टचा आकडा, १८, जो ४ च्या आत पाहिजे. डॉक्टरीणबाईंनी तेव्हा छान समजावलं होतं की मानेत पुढच्या बाजूला फुलपाखरासारखी ग्रंथी असते, तिच्या हार्मोनवर शरीर किती जळण जाळणार ते ठरतं आणि त्या जळणातूनच अंगात ऊब तयार होते. हार्मोन कमी पडलं की चूल मंद होते, थंडी वाजते, कातडी कोरडी पडते, घाम आटतो. जास्त झालं की बरोबर उलट.

गोळी सुरू झाली, ५० मायक्रोग्रॅमची, मग ७५, मग १००. आणि साधारण दोन महिन्यांनी एक दिवस तलावपाळीवरून भाजी घेऊन चालत येताना माझ्या कपाळावर घाम आला. मी पिशवी खाली ठेवून हात लावून बघितलं. तो घाम चांगला होता सुमे, चूल परत पेटल्याचा होता. म्हणजे गोळी चालू झाल्यावर थोडा घाम सुरू होणं हे काही वाईटच असतं असं नाही, ज्याला वर्षं-दोन वर्षं आलाच नाही त्याला तो आला की खूप वाटतो. तुझा तसाही असू शकेल, मला इथे बसून नाही सांगता येणार, पण माझा दुसरा घाम वेगळा होता, तो सांगते.

तो गेल्या वर्षी पाडव्याच्या सुमारास सुरू झाला. पाडव्याला कोपिनेश्वराची स्वागतयात्रा निघते, आमच्या सोसायटीतल्या बायका पहाटे गेटसमोर रांगोळी काढतात, तुला माहितीये माझा हात त्यात चांगला आहे. त्या दिवशी ठिपके काढून झाले आणि मी रेघ ओढायला घेतली तर रेघ सरळ येईना. चिमटीतून रांगोळी थोडी थोडी सांडत होती, मी हात समोर धरला तर बोटं बारीक थरथरत होती, मोबाईल व्हायब्रेट झाल्यासारखी. वर पहाटे साडेपाचला हनुवटीवरून घामाचे थेंब रांगोळीवर पडत होते, गुलाबी रंगावर गोल गोल काळपट डाग. शेजारच्या ताईंनी माझ्या हातातून डबा घेतला आणि म्हणाल्या तू बस जरा.

मग ते वाढतच गेलं. मोबाईलचं लॉक उघडायचं नाही कारण बोट ओलं. बँकेत फॉर्म भरताना हाताखालची शाई पसरली. रात्री दोनला मी पंखा पाचवर, एसी २० वर करून बसलेली असायचे आणि हे बिचारे गोधडी डोक्यावरून घेऊन झोपलेले, एप्रिल महिन्यात! एक शब्द बोलले नाहीत कधी. स्टेशनचा पूल चढले की छातीत धडधड, ती गाडी सुटून रबाळे येईपर्यंत थांबायची नाही. दिवसातून तीन-तीन वेळा पोट साफ व्हायचं. चिडचिड एवढी की मुलीने भाजीत मीठ कमी आहे म्हटलं तर मी रडले. आणि वजन कमी होत होतं म्हणून सगळे म्हणत होते किती छान बारीक झालीस.

जवळच्या एका डॉक्टरांकडे गेले तर त्यांनी वय विचारलं, ४६ म्हटलं, म्हणाले मेनोपॉज आहे, होतं असं, थंड पाणी प्या. रक्त तपासायला सांगितलंच नाही. मला त्याचा अजूनही राग आहे, कारण मी थायरॉईडची गोळी घेते हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं. मेनोपॉजचं असूही शकतं, आपल्या वयात दोन्ही एकदमच येतात, पण माझ्या मोठ्या जावेला ते होतं त्यामुळे मी बघितलंय, तिला छातीपासून वर एक लाट यायची, चेहरा लाल व्हायचा, पाच-दहा मिनिटांत उतरायची आणि मग थंडी वाजायची. माझं तसं नव्हतं, माझं दिवसभर सारखंच, लाटबिट काही नाही. तरी यावरून घरी बसून ठरवायचं नसतं हे मला आता कळतं, रक्त बघितल्याशिवाय दोन्हीतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही.

शेवटी मी स्वतःच लॅबमध्ये जाऊन टेस्ट केली. टीएसएच ०.०८. कागदावर बाजूला लिहिलेलं असतं की ०.४ ते ४ च्या आसपास पाहिजे. टीएसएच हा मेंदूकडून थायरॉईडला जाणारा हुकूम असतो, अंगात हार्मोन कमी असलं की मेंदू ओरडतो आणि आकडा वाढतो, जास्त असलं की मेंदू गप्प बसतो आणि आकडा तळाला जातो. माझा तळाला गेला होता, म्हणजे गोळी जास्त होत होती. मी धावत आमच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेले, नाडी १०४ भरली, ईसीजी काढला, तो नशिबाने नॉर्मल आला. त्या म्हणाल्या हे असंच वर्षानुवर्षं राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित व्हायला लागतात आणि पाळी गेल्यावर हाडं ठिसूळ होतात, म्हणून नुसता घाम म्हणून सोडून द्यायचं नाही.

पण तीच १०० ची गोळी पाच वर्षं घेत होते तर आताच जास्त का झाली? हे मला भाचीने उलगडून सांगितलं, ती फार्मसी करते ना. दोन गोष्टी झाल्या होत्या. एक म्हणजे मी कचराळी तलावावर रोज चालायला लागून वजन ७१ वरून ६४ वर आणलं होतं, आणि या गोळीचा डोस वजनावर बराच अवलंबून असतो. दुसरी गोष्ट तर मला माहितीच नव्हती. मी इतकी वर्षं गोळी सकाळच्या चहाबरोबर घ्यायचे, आणि चहा-कॉफीने ती अंगात कमी शोषली जाते. त्या हिशोबाने माझा डोस वाढत वाढत १०० वर गेला होता. मग हा घाम सुरू व्हायच्या आधी भाचीच एकदा म्हणाली होती, मावशी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर घे, पुढे अर्धा-पाऊण तास काही नको, कॅल्शियम नाहीतर लोहाची गोळी असेल तर चार तासांनी. मी लगेच तसं करायला लागले, आणि गोळी तेवढीच पण अंगात जास्त जायला लागली. तिने चांगलंच सांगितलं होतं, फक्त असा बदल केला की दोन महिन्यांनी टेस्ट करायची असते ते राहून गेलं. चौदा महिने मी टेस्ट केली नव्हती सुमे. भाची म्हणाली १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे दहा हजार भाग करून त्यातला एक. एवढ्याशा मापात पंचवीसचा फरक शरीराला केवढा मोठा असेल तो विचार कर.

डॉक्टरीणबाईंनी १०० ची ७५ केली. दुसऱ्या दिवशी काही फरक नाही, आठवड्याने पण नाही. मी फोन केला तर म्हणाल्या हे औषध अंगातून निम्मं जायलाच सात दिवस लागतात, धीर धर. तिसऱ्या आठवड्यात मी एका रात्री सलग झोपले. सकाळी उठून बघितलं तर पंखा तीनवर होता आणि चादर अंगावर होती.

आता तुझं. या सात दिवसांमुळेच मला तुझी काळजी वाटतेय. आज गोळी सोडलीस तर सात दिवसांनी निम्मा साठा अंगात असतो, चौदा दिवसांनी पाव. म्हणजे तुझा डोस जास्त झाला असेल तर सोडल्यावर पहिले पंधरा दिवस छानच वाटणार, घाम कमी, धडधड कमी, आणि वाटणार बघ, गोळीच वाईट होती. पण साठा संपला की मग हळूहळू ते जुनं सगळं परत येतं, इतकं हळू की आपण त्याला थकवा म्हणतो, वय म्हणतो. दिवाळीला तू मला सांगितलं होतंस की जिना चढताना मधे बसावं लागतं, आवाज घोगरा झालाय, शब्द आठवत नाहीत. ते परत नको गं.

भाचीने एक गोष्ट सांगितली ती मला फार लागली. १८९१ मध्ये इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरने अशाच एका बाईला मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचला, तेव्हा गोळ्या कुठे होत्या. ती बाई तेव्हा ४६ ची होती, आपल्याएवढीच, आणि औषध चालू ठेवून पुढे २८ वर्षं जगली. त्याच्या आधी या आजारावर खात्रीचं औषधच नव्हतं. आपल्याला सकाळी एक पांढरी गोळी पाण्याबरोबर गिळायची असते.

तर सोमवारी तुझ्या डॉक्टरांकडे जा. आणि खरं सांग की पंधरा दिवस बंद आहे, तारखेसकट. लाजू नकोस, कारण मधे खंड पडला की टीएसएच वर गेलेला दिसू शकतो आणि त्यांना माहिती नसेल तर ते डोस आणखी वाढवून देतील, मग परत घाम. घाम कधी सुरू झाला, हात थरथरतात का, नाडी किती, पाळीचं काय चाललंय, हे कागदावर लिहून ने, समोर बसलं की अर्धं विसरायला होतं. गोळी परत किती ची सुरू करायची ते त्यांनाच ठरवू दे, मनाने दोन-दोन घेऊन राहिलेले दिवस भरून काढू नकोस. टेस्ट सकाळी, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी. आणि तू केसांसाठी त्या बायोटिनच्या गोळ्या खातेस ना, त्याने थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, म्हणून टेस्टच्या आधी किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घे. डोस ठरला की दीड-दोन महिन्यांनी परत टेस्ट. छातीत दुखलं किंवा ठोके वेडेवाकडे पडायला लागले तर मात्र सोमवारची वाट बघू नकोस, लगेच हॉस्पिटल.

अजून एक, तुमच्याकडची हवा कोरडी. इथे खाडीच्या दमटपणात घाम वाळत नाही म्हणून तो दिसतो, चिकटतो, वैताग येतो, पण निदान कळतं तरी. जळगावात तो आल्याबरोबर उडून जातो, पाणी किती गेलं ते कळतच नाही, आणि तरीही तू म्हणतेस धारा लागायच्या म्हणजे किती येत असेल! ताक, कोकम, लिंबू-मीठ-साखर पीत राहा. आणि गोळ्यांची बाटली ओट्यावर गॅसजवळ ठेवली असशील तर तिथून हलव, मी मागे आले होते तेव्हा तिथेच मसाल्याच्या डब्याशेजारी बघितली होती. उष्णतेने आणि वाफेने ती गोळी कमजोर होते. बेडरूमच्या कपाटात ठेव, आतली ती छोटी पुडी फेकू नकोस, ओल शोषायला असते ती.

काकांना नमस्कार सांग, पोराच्या ऍडमिशनचं काय झालं ते सविस्तर कळव. सोमवारी संध्याकाळी सातला मी गाडीत असेन, गर्दीत पण फोन उचलते, डॉक्टर काय म्हणाले ते सांग. रिपोर्ट आला की फोटो पाठव, आकडा काहीही असो.

तुझीच,
मंगल