मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पुरस्कार द्या, पण आधी शिकलेल्यांना भेटा

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

आरोग्यशिक्षणात उत्तम काम करणाऱ्यांचा सरकारने दरवर्षी सन्मान करावा, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. शस्त्रक्रिया करून जीव वाचवणाऱ्याला रुग्ण आयुष्यभर विसरत नाही. शिकवण्यामुळे जो आजार झालाच नाही, त्याबद्दल आभार मानायला मात्र कुणी येत नाही. १९७८ मध्ये आल्मा-आटा इथे झालेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्यसेवेच्या घटकांची यादी आहे. त्यात पहिला घटक आरोग्यशिक्षण आहे, आवश्यक औषधं शेवटी येतात.

माझी काळजी आहे ती निवडीची. मी बरीच वर्षं आरोग्यशिक्षणाचं काम केलं. महिन्याच्या अहवालात आम्हाला विचारलं जायचं: सभा किती घेतल्या, उपस्थिती किती, पत्रकं किती वाटली. ऐकणाऱ्यांना काय उमगलं, हा रकाना त्यात कधीच नव्हता. पुरस्कारही अशाच फायली बघून दिले, तर ज्याची फाइल जाड तोच मोठा ठरेल.

बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने वेगळा रस्ता धरला होता. १९८० पासून दहा वर्षं त्यांच्या कार्यकर्त्या घरोघरी गेल्या. जुलाब झालेल्या मुलाला चिमूटभर मीठ, मूठभर गूळ आणि पाणी यांचं द्रावण कसं करून द्यायचं, हे त्यांनी एकेका आईकडून करवून घेतलं. सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत त्या पोहोचल्या. पण मला मोठी वाटते ती पुढची गोष्ट. काही दिवसांनी दुसरी व्यक्ती त्यातल्या काही घरी जाऊन आईला काय आठवतंय हे विचारायची, द्रावण करायला लावायची. कार्यकर्तीचा मोबदला त्यावर ठरायचा. सुरुवातीला बायका शिकायच्या, पण वापरायच्या नाहीत. शोध घेतल्यावर कळलं, की शिकवणाऱ्यांचाच त्या द्रावणावर विश्वास नव्हता! मग आधी त्यांना नीट समजावलं गेलं. आपली चूक अशी शोधून दुरुस्त करणाऱ्यांना मी पहिला पुरस्कार देईन.

म्हणून निवड समितीने शिकवून महिना-दोन महिने झाल्यावर, न कळवता, शिकलेल्यांना भेटावं. मधुमेही माणसाला पायाची रोजची तपासणी करून दाखवायला सांगावं, गर्भवतीला धोक्याची लक्षणं विचारावीत. काय पाठ आहे यापेक्षा काय करता येतं ते बघावं.

आणखी एक. हे काम एकट्याचं क्वचितच असतं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशा कार्यकर्त्यांचा एकत्रित गौरव केला, तसा गटाचा सन्मान इथेही व्हावा. मानचिन्हासोबत पुढच्या वर्षाच्या कामासाठी निधीही द्यावा.

पहिल्या वर्षी दोनच पुरस्कार दिलेत तरी चालेल. भेटींसाठी मनुष्यबळ कमी पडत असेल, तर माझ्यासारख्या निवृत्त कार्यकर्त्या विनामोबदला यायला तयार आहेत.

आपली,
एक निवृत्त आरोग्यशिक्षिका