कार्बन डायऑक्साइडपासून इंधन : हायड्रोजन कुठून आला तेही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून इंधन करता येतं, ही आपल्या विज्ञान पानावरची बातमी वाचली. या विषयाला एवढी जागा दिलीत याचा खरोखर आनंद झाला. मी बरीच वर्षं रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याआधी काही काळ उत्प्रेरकांच्या, म्हणजे स्वतः खर्च न होता रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांच्या, प्रयोगशाळेत काम केलं. त्यामुळे बातमीतलं एक वाक्य मात्र मनाला लागून राहिलं. नव्या उत्प्रेरकामुळे या कामाला 'ऊर्जाच लागत नाही', असं त्यात म्हटलं होतं.

चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारली की ती दुधाळ होते, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. तिथे बाहेरून ऊर्जा द्यावी लागत नाही, कारण वायू उतारावरूनच चाललेला असतो. या वायूपासून मिथेनॉल हे द्रव इंधन करायचं तर तसं नाही. कार्बन डायऑक्साइड ही जळून झालेल्या कार्बनची राख आहे. तिचं पुन्हा सरपण करायचं तर चढ चढावाच लागतो. उत्प्रेरक घाटात बोगदा खणून देतो, वरच्या गावाची उंची कमी करत नाही. ती उंची गाठायची ऊर्जा आणतो हायड्रोजन.

म्हणून बातमीत पहिला प्रश्न हायड्रोजनचा हवा. १ टन मिथेनॉलमध्ये सुमारे १,३७५ किलो कार्बन डायऑक्साइड खपतो आणि त्याला साधारण १९० किलो हायड्रोजन लागतो. पाण्याचं विघटन करून तो मिळवायचा तर किलोमागे ५० युनिटच्या आसपास वीज जाते, म्हणजे टनामागे साडेनऊ हजार युनिट. हाच हायड्रोजन आजच्या नेहमीच्या पद्धतीने नैसर्गिक वायूपासून केला, तर त्याच्या प्रत्येक किलोमागे ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. गुणाकार करून पाहा. वापरला त्यापेक्षा जास्त वायू आपण बाहेर सोडलेला असतो! आइसलँडमध्ये स्वार्त्सेंगी इथे २०१२ मध्ये असा मिथेनॉलचा कारखाना उभा राहू शकला आणि पुढे २०१५ मध्ये त्याची क्षमता वर्षाला ४,००० टनांवर गेली, त्याला कारण आहे. कार्बन डायऑक्साइड शेजारच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून मिळत होता आणि तिथली वीज पाण्यापासून व भूगर्भातल्या उष्णतेपासून येते.

याचा अर्थ उत्प्रेरकाचं काम कमी मोलाचं, असा कृपया काढू नये. मिथेनॉलच्या उत्प्रेरकाच्या काळ्या गोळ्या जेमतेम पाच-सहा मिलिमीटरच्या असतात. तांबं, झिंक ऑक्साइड आणि ॲल्युमिना. पण एका ग्रॅममधल्या तांब्याचा पृष्ठभाग वीस-तीस चौरस मीटर भरतो, म्हणजे चांगल्या ऐसपैस खोलीच्या जमिनीएवढा. या नव्या गोळ्यांवर पहिल्यांदा हायड्रोजन सोडताना आम्ही तापमापकावरून नजर हलवत नसू. घाई केली, पारा ३०० अंशांच्या वर गेला, की तांब्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तो पृष्ठभाग कायमचा हातचा जातो. कार्बन डायऑक्साइडपासून मिथेनॉल करताना तर प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचाही एक रेणू तयार होतो आणि ते पाणी या चिकटण्याला मदतच करतं. पहिल्या दिवशी उत्तम चालणारा उत्प्रेरक वर्षभरानंतर किती चालतो, यावर संशोधकांची उमेद खर्ची पडते. बातमीत मात्र फक्त पहिल्या दिवसाचा आकडा येतो.

दुसरं म्हणजे, पकडलेला कार्बन किती काळ अडकून राहतो? युरिया १९२० च्या दशकापासून कार्बन डायऑक्साइड आणि अमोनियापासूनच बनतो. या वायूचा हा फार मोठा औद्योगिक वापर, पण खत मातीत पडलं की थोड्याच दिवसांत तो सुटतो. मिथेनॉल जाळलं की लगेच सुटतो. प्लास्टिकमध्ये बांधला तर काही वर्षं राहतो.

आणि कधीकधी फायदा टनांत मोजायचाच नसतो. पॉलिकार्बोनेट हे कठीण, पारदर्शक प्लास्टिक करायला फॉस्जीन वापरत आले आहेत. पहिल्या महायुद्धात माणसं मारायला सोडला होता, तोच हा विषारी वायू. २००२ पासून तैवानमधल्या एका कारखान्यात फॉस्जीनऐवजी कार्बन डायऑक्साइड कच्चा माल म्हणून वापरून हे प्लास्टिक तयार होऊ लागलं. यातून हवामान कितीसं सुधारलं असेल ते असो, पण ते विष हाताळण्याची वेळ तिथल्या कामगारांवर आली नाही. मला तर या सगळ्या विषयातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते, आणि ती क्वचितच छापून येते.

अशी पुढची बातमी येईल तेव्हा हायड्रोजन कुठला, उत्प्रेरक किती तास चालवून पाहिला आणि तयार झालेला माल शेवटी कुठे जाणार, एवढं संशोधकांना विचारून छापावं, ही विनंती. जमलं तर त्या काळ्या गोळ्यांचं जवळून काढलेलं छायाचित्रही द्या. माझ्या विद्यार्थ्यांनी हातात घेतल्या तेव्हा निम्म्यांना त्या कोळशाच्या वाटल्या होत्या.

आपली,
रसायनशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका