शेवळाच्या कृतीत काकड का नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतील रानभाज्यांचे पान सकाळी वाचले तेव्हाच आपल्याला लिहावे असे वाटले होते. संध्याकाळी जे घडले, त्यानंतर लिहिल्यावाचून राहवत नाही.

त्या पानावर वर डावीकडे ज्या बाईंचे छायाचित्र आहे आणि ज्याच्या खाली ‘गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसलेली आदिवासी महिला’ एवढेच लिहिले आहे, ती माझी आई आहे. (नाशिकमध्ये गोदाकाठालाच ‘गंगेवर’ म्हणतात.) आम्ही पेठ तालुक्यातले कोकणा आदिवासी. मी नोकरीनिमित्त पंचवटीत राहते. आई अजून गावीच असते आणि पावसाळ्याचे तीन-चार महिने भाजी घेऊन नाशिकला येते. आपल्या छायाचित्रकाराने तिला शेवळाची जुडी दोनदा वर धरायला सांगितली. तिचे नाव विचारले नाही आणि हातातली भाजी ती कशी करते, हेही विचारले नाही. शेवळाची कृती मात्र त्याच पानावर शहरातल्या एका हॉटेलच्या मुख्य आचाऱ्याच्या नावाने सविस्तर छापून आली. तेल, जिरे, लसूण, कांदा, बारीक चिरलेली शेवळे, झाकण ठेवून दहा मिनिटे, वरून ओले खोबरे. या कृतीत काकड, म्हणजे शेवळात घालायचे हिरवे आंबट रानफळ, नाही. काकडच काय, चिंच, आमसूल, आंबट म्हणता येईल असे काहीच नाही.

आई शनिवारी माझ्याकडे मुक्कामाला आली होती. बरोबर आणलेल्या जुड्यांपैकी दोन तिने शेजारच्या ताईंना दिल्या आणि नेहमीप्रमाणे सागाच्या पानात बांधून मूठभर काकडेही दिली. रविवारी ताईंनी आपले पान समोर ठेवून भाजी केली. कृतीत उल्लेख नव्हता, म्हणून ती हिरवी आंबट फळे त्यांनी कचऱ्यात टाकली. संध्याकाळी त्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या पतीचा आणि अकरा वर्षांच्या मुलाचा घसा सुजलेला होता, मुलगा रडत होता आणि दवाखान्यात निघता निघता त्यांनी मला विचारले, “तुमच्या आईने ही कसली भाजी दिली?” आई माझ्या मागेच उभी होती. तिने एवढेच विचारले, “काकडं टाकली नाय का?” मुलगा आता बरा आहे. ताईंचाही माझ्या मनात राग नाही, कारण त्यांनी छापील शब्दावर विश्वास ठेवला. पण गेली चाळीस वर्षे शहरातल्या लोकांना रानभाजी खाऊ घालणाऱ्या माझ्या आईवर विषारी भाजी दिल्याचा संशय पहिल्यांदा आला, तो आपल्या पानामुळे.

शेवळ हे सुरणाच्याच कुळातले आहे. पहिला पाऊस पडला की पान फुटायच्या आधी जमिनीतून त्याचा कोंब वर येतो. सुरणात, अळूत आणि तेऱ्यात असतात तसे कॅल्शिअम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक यातही असतात. ते जिभेला आणि घशाला टोचतात, आणि आपण ज्याला खाज म्हणतो ती यामुळेच सुटते. म्हणून आमच्याकडे शेवळाचे बाहेरचे आवरण सोलतात, आतला पिवळा दाणेदार भाग काढून टाकतात, उरलेले बारीक चिरून तेलावर चांगले परततात आणि मग काकडे ठेचून त्यांचा रस घालून शिजवतात. फळे मिळाली नाहीत तर काकडाचा कोवळा पाला चालतो. शहरात तोही नसेल तर चिंच किंवा आमसूल भरपूर घालावे लागते. काकडाच्या झाडाला फळे येतात तीही नेमकी शेवळे निघण्याच्या दिवसांत, म्हणूनच बाजारात प्रत्येक बाई जुडीबरोबर काकडे देते आणि त्यांचे वेगळे पैसे घेत नाही.

रानभाजी ‘आपोआप उगवते आणि फुकट मिळते’ हे आपल्या लेखातले वाक्य मला फार लागले. उगवते आपोआप, पण खाण्याजोगी आपोआप होत नाही. भारंगीचा पाला उकळून, ते कडू पाणी टाकून, घट्ट पिळून घ्यावा लागतो. टाकळा पाऊस सुरू झाल्यावरच्या कोवळ्या दिवसांतच खुडायचा असतो. कडूकंदाचे काप राखेच्या पाण्यात उकडून रात्रभर वाहत्या पाण्यात ठेवल्याशिवाय कोणी तोंडात घालत नाही. कळलावीचा कंद हा कंदच असला तरी तो प्राणघातक आहे, हे आमच्या मुलांना शाळेत जायच्या आधी कळते. कोणती वनस्पती, तिचा कोणता भाग, कोणत्या आठवड्यात आणि कशाबरोबर, हे सगळे मिळून ती भाजी होते, आणि हे ज्ञान आमच्या आयांनी आणि आज्यांनी जपले आहे. आपल्या आचाऱ्यांनी त्यातले अर्धे उचलले आणि त्याला ‘आमचा नवा शोध’ म्हटले.

फुकट म्हणाल तर तेही खरे नाही. आई पहाटे तीनला उठते, आदल्या दिवशी डोंगर चढून गोळा केलेल्या भाजीच्या जुड्या बांधते, पहिल्या एसटीने सावळघाट चढून नाशिकला येते आणि वीस रुपयांना जुडी विकते, ती दहाला मागणारे पुष्कळ असतात. हे गोळा करणे म्हणजे लेखात म्हटल्याप्रमाणे जंगलातून ‘उचलून आणणे’ही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने कंद, मुळे, औषधी वनस्पती हे सारे गौण वनोपज मानले आहे आणि ते गोळा करून विकण्याचा हक्क आम्हाला दिला आहे.

त्याच पानावर कुर्डूच्या छायाचित्राखाली ‘टाकळा’ असे छापले आहे. टाकळ्याची पाने गोलसर असतात आणि जोडीजोडीने येतात. कुर्डूचे पान लांबट आणि टोकदार असते. या दोन भाज्यांत घोटाळा झाला तर कोणाला इजा होणार नाही, पण ज्या पानावर लोकांना रानात जाऊन स्वतः भाजी खुडण्याचे आवाहन केले आहे, त्या पानावर चित्राचे नाव चुकणे मला भीतिदायक वाटते.

बुधवारी सकाळी दहा वाजले की बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या या बायकांना बसल्या जागेवरून उठवले जाते, मग त्या टोपल्या उचलून सावलीसाठी भिंतीकडेने फिरत राहतात आणि उन्हात पाला सुकून जातो. याविषयी मी मागच्या वर्षी आपल्याला सविस्तर पत्र पाठवले होते. ते छापले गेले नाही. हॉटेलातल्या ताटासाठी अर्धे पान निघते, तर त्या पत्रासाठी चार ओळींची जागा निघायला हवी होती, असे मला आजही वाटते.

माझी विनंती एवढीच आहे की शेवळाच्या कृतीची दुरुस्ती आतल्या पानावर बारीक अक्षरांत न देता पुरवणीच्या त्याच पानावर, कृती छापली होती तेवढ्याच आकारात द्यावी, आणि काकड कसे वापरायचे ते बुधवारच्या बाजारात बसणाऱ्या कोणत्याही बाईला विचारून, तिच्या परवानगीने तिचे नाव घालून लिहावे. शेवळे आता जेमतेम पंधरा दिवस मिळतील; दुरुस्ती येत्या रविवारीच यावी.

आपली,
एक वाचक, पंचवटी, नाशिक