गुडघ्याचा काही संबंध नाही

पुणे, ८ जानेवारी २०२६

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

ब्रिटनचा व्हिसा आला, नवऱ्याकडे जायचा. परवाच आला. फोनवर सांगितलं असतं तर आई गप्प झाली असती आणि बाबांनी तिकडचं तापमान विचारलं असतं, म्हणून पत्र. तिकीटही काढलंय, ५ फेब्रुवारीचं. आधी विचारायला हवं होतं. पण तुम्ही लगेच ‘जा’ म्हणाला असतात आणि मग माझाच पाय निघाला नसता.

आई, तू आता तारखांचा हिशेब मांडत बसणार, म्हणून मीच मांडते. २०१२पासून तिकडच्या नवऱ्याचा पगार वर्षाला १८,६०० पौंड असला की बायकोला नेता येत होतं. ११ एप्रिल २०२४ला तो आकडा एकदम २९,००० झाला. ह्याचा पगार तेव्हा २६,५००. म्हणजे मार्चमध्ये पास, मेमध्ये नापास, नवरा तोच. आणि हो, तुझं ऑपरेशन त्या फेब्रुवारीत होतं. पण त्याचा संबंध नाही. माझं ऑफिसात प्रोजेक्ट चालू होतं, पैसेही पुरते जमले नव्हते, अर्ज मी तेव्हा केलाच असता असं काही नाही. गुडघ्याला उगाच दोष देऊ नकोस. बिचारा आत्ता कुठे चालायला लागलाय.

माझा इथला पगार ते धरतच नाहीत. कितीही असो. त्याचाच हवा, तोही एका नोकरीत सलग सहा महिने, पगाराच्या स्लिपांसकट. म्हणून त्याने ते आवडतं काम सोडून रात्रपाळीची नोकरी धरली. त्याबद्दल त्याला काही विचारू नका, संकोचतो.

बाबा, ८८,५०० पौंड सहा महिने बँकेत असले तर पगाराची अट राहत नाही, हे तुम्ही कुठून शोधून काढलंत? मेणवलीच्या रस्त्यावरची जागा विकायला एजंटला भेटून आलात, हे दादाने सांगितलं. मी तुमच्यावर फोनवर ओरडले आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले. ती जागा आहे तशी राहू द्या. आंब्याला पाणी घाला.

इथेच का नाही राहत, असं आई तोंडाने म्हणत नाही, पण भाजी चिरताना म्हणते. त्याच्या आईला आता एका डोळ्याने जवळजवळ दिसत नाही, घरात दुसरं कोणी नाही. तुम्ही दोघं आहात, दादा-वहिनी तासा-दोन तासांवर आहेत. मी तराजू घेऊन बसले नव्हते गं. बसले होते खरं तर, अडीच वर्षं. लग्न होऊन फोनवर संसार केला. त्यातल्या किती रात्री कोणाचे आईबाप जास्त म्हातारे यावरून भांडलो, ते सांगत नाही.

एक गंमत मात्र बाबांसाठी. मला इंग्रजी येतं हे सिद्ध करायला परीक्षा द्यावी लागली, अगदी पहिल्या पायरीची. ज्यांनी एकतीस वर्षं वाईतल्या पोरांना टेन्स शिकवले, त्यांच्या मुलीला! मी पाठ ताठ करून बसले, तुम्ही डिक्टेशनला बसवायचात तशी. पास झाले. लग्न खरं आहे का, हे तपासायला फोटोही मागतात. त्यात तुम्ही त्याला फेटा बांधताय आणि तो डोळ्यांवर घसरलाय, तो फोटो पहिला लावला. इतकं खोटं कोण रचेल?

खर्च विचाराल. फी १,९३८ पौंड, शिवाय तिकडच्या दवाखान्याचा कर ३,१०५. सहा लाखांच्या आसपास. दोघांनी मिळून भरले, कर्ज नाही.

आता जे सांगायचं टाळत होते ते. तुम्हाला कायमचं तिकडे नेता येणार नाही. पाहुणे म्हणून या, सहा महिने राहा. पण कायमसाठी आधी मला तिकडे कायमचा परवाना हवा, त्याला पाच वर्षं. आणि मग तुम्ही इतके आजारी हवेत की अंघोळ-जेवणालाही माणूस लागावं, आणि ते माणूस पैसे देऊनही इथे मिळू नये. देवा, माझे आईबाबा त्या अटीत कधीच न बसोत. उलटी वाट मात्र मोकळी आहे. लग्नाला दोन वर्षं झाल्यावर त्याला आपल्याकडचं ओसीआय, म्हणजे भारतात हवं तितकं राहायचं कार्ड, मिळालं, त्यासाठी माझा पगार कोणी विचारला नाही. गरज पडली तर आम्ही दोघं उठून येऊ. पासपोर्ट मी भारताचाच ठेवणार आहे.

माझी काळजी नको. खोलीत हीटर आहे, तुरीची डाळ मिळते, कुकर नेतेय. कृष्णाबाईचा उत्सव तेवढा चुकेल. लहानपणी घाटावर गर्दीत बाबांच्या खांद्यावर बसून मी त्यांचे कान धरायचे, आठवतं? अजून कुठे गर्दी दिसली की हात तसेच वर जातात.

बरं, आता ऐका. बाबा, संध्याकाळनंतर स्कूटर नाही. टाकीवर चढायचं नाही, माणूस सांगितलाय. बँकेतून फोन आलाय म्हणणाऱ्याला ओटीपी द्यायचा नाही, तो कितीही चांगलं इंग्रजी बोलला तरी. आई, बीपीची गोळी जेवणावर ढकलायची नाही. फिजिओचे व्यायाम मी रोज साडेआठला व्हिडिओवर बघणार, तिकडे पहाटेचे तीन असतील, ते माझं मी बघेन.

संक्रांतीला येतेच आहे. तेव्हा हे पत्र वाचलंय असं दाखवू नका, नाहीतर मला तिळगूळ गिळवणार नाही. आणि जिन्याला कठडा बसवायला सोमवारी सुतार येईल. पैसे दिलेत. ‘आम्हाला कशाला’ म्हणून त्याला परत पाठवायचं नाही.

तुमची,
चिमी

ता. क. गोडा मसाला अर्धा किलोच. गेल्या वेळी त्याच्या बॅगेत दोन किलो भरला होतास, त्याचे कोट अजून वास मारतात.