एका झाडामागे पाच

गॉटिंगेन, 8 जून

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

आपल्या गल्लीतली झाडं रस्त्यासाठी तोडायच्या नोटिशीचा फोटो मिळाला. त्याखालचा तुमचा प्रश्नही वाचला : सात झाडं जाणार, पण एकामागे पाच लावणार म्हणजे पस्तीस येणार, मग तुमच्या पर्यावरणवाल्यांची ओरड कशासाठी? फोनवर उत्तर द्यायला लागले तर तिसऱ्या वाक्याला तुम्ही ‘बरं, जेवलीस का’ म्हणणार, म्हणून सविस्तर लिहिते. जेवले आहे.

आधी कायदा सांगते, कारण तुम्हाला कायद्याची भाषा लवकर पटते. शहरातल्या झाडांसाठी आपल्याकडे 1975 चा कायदा आहे आणि त्यात 2021 साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जुन्या झाडाला आता ‘पुरातन वृक्ष’ धरतात. झाड तोडलंच तर बदल्यात त्याच्या वयाइतकी झाडं लावायची, असं त्यात आहे. तेव्हा ‘एकाला पाच’ हे कुणी ठरवलं ते विचारायला हवं. कोपऱ्यावरचा पर्जन्यवृक्ष किती वर्षांचा असेल? आजोबांना 1971 साली ठाण्यात वर्तकनगरची खोली मिळाली तेव्हाच्या फोटोत तो पहिल्या मजल्याच्या वर गेलेला दिसतो. तो फोटो आईच्या कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली आहे. काढून ठेवा, लागेल.

पण समजा नियमाप्रमाणे पाचाऐवजी पन्नास लावली, तरी माझं म्हणणं तिथे संपत नाही.

गेल्या आठवड्यात इथल्या, जर्मनीतल्या हार्झच्या डोंगरात जाऊन आले. गॉटिंगेनहून फार लांब नाही. ब्रोकेन हे त्यातलं सर्वांत उंच शिखर, 1141 मीटर. बस घाट चढू लागली की दोन्ही अंगांना करडे खांब दिसायला लागतात. पानं नाहीत, साल गळून पडलेली, उभेच्या उभे वाळलेले स्प्रूस, म्हणजे इथली सूचिपर्णी झाडं. एका वळणानंतर संपतील, दुसऱ्या वळणानंतर संपतील असं वाटत राहतं आणि ते संपत नाहीत. बसमधले इथले लोक मोबाइलमध्ये डोकं घालून होते. त्यांना सवय झाली असावी.

या डोंगरात शेकडो वर्षं चांदीच्या, शिशाच्या, तांब्याच्या खाणी चालल्या. खाणीत टेकू द्यायला लाकूड, भट्टीला लोणारी कोळसा, म्हणून मूळचं बीच आणि ओकचं जंगल तुटत गेलं. मग अठराव्या शतकापासून पद्धतशीर स्प्रूस लावला. सरळसोट वाढतो, लवकर वाढतो, विकायला सोपा. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्रजांनी भरपाई म्हणून इथलं लाकूड तोडून नेलं, तेव्हाही पुन्हा बराचसा स्प्रूसच लावला. खरं तर हे झाड उंच, थंड, ओल्या जागचं. त्याला खालच्या उतारांवर आणून रांगेत उभं केलं. म्हणजे बाबा, तोडलं तिथे लावलं नाही असं इथे कुणी म्हणू शकत नाही. लावण्यात ही माणसं आपल्यापेक्षा कैक पटींनी काटेकोर.

आम्हाला घेऊन फिरणाऱ्या वनखात्यातल्या बाई एका अजून हिरव्या दिसणाऱ्या झाडापाशी थांबल्या. आधी बुंध्यावरून बोट फिरवलं. सालीच्या खाचांत तपकिरीसारखा भुसा अडकला होता. मग कुऱ्हाडीच्या टोकाने तळहाताएवढी साल उचकटली. आत मधोमध एक उभी वाट आणि तिच्या दोन्ही बाजूंना आडव्या बारीक वाटा, टोकाकडे रुंद होत गेलेल्या. उभी वाट मादीची, तिच्या कडेने ती अंडी घालते. आडव्या वाटा अळ्यांनी खात खात केलेल्या. अळी पोसते तशी वाट रुंदावते. किडा अवघा चार-पाच मिलिमीटरचा. झाड वरून हिरवं होतं, पण पानांतलं अन्न मुळांकडे नेणारा सालीखालचा थरच फस्त झालेला. ते मेलं होतं, फक्त शेंड्याला अजून कळलं नव्हतं.

एरवी हा किडा धडधाकट झाडाच्या वाटेला जात नाही. भोक पडलं की झाड राळ सोडतं आणि किडा त्यात अडकून मरतो. पण राळ बनवायला झाडाच्या अंगात पाणी लागतं, आणि स्प्रूसची मुळं उथळ. 2018 चा उन्हाळा कडक कोरडा गेला, पुढची दोन वर्षंही धड गेली नाहीत. नर आधी साल पोखरून आत शिरतो आणि वास सोडून बाकीच्यांना बोलावतो. गरम वर्षात एका हंगामात किड्याच्या दोन-तीन पिढ्या होतात. शेजारचं झाडही स्प्रूसच, त्याच वयाचं, तितकंच तहानलेलं. त्याच्या शेजारचंही. जानेवारी 2018 ते एप्रिल 2021 या काळात जर्मनीतली सुमारे 5 लाख हेक्टरवरची झाडं गेली, हे उपग्रहाच्या चित्रांवरून मोजलेलं आहे. आपला अख्खा ठाणे जिल्हा 4,214 चौरस किलोमीटर, म्हणजे सव्वाचार लाख हेक्टरच्याही आत.

याचं पुढचं प्रकरण 2024 च्या ऑक्टोबरात बाहेर आलं. इथे दर दहा वर्षांनी जंगलाची मोजणी होते. जास्तीत जास्त चार-चार किलोमीटरच्या चौकटी आखून, माणसं प्रत्यक्ष जाऊन झाडांच्या बुंध्यांना टेप लावतात. ताज्या मोजणीत निघालं की 2017 पासून जर्मनीचं जंगल जेवढा कार्बन साठवतं त्याहून जास्त सोडतं आहे. आपण हवा बिघडवायची आणि झाडांनी ती निस्तरायची, या भरवशावर देशोदेशीच्या हवामान योजना बांधलेल्या आहेत. इथे झाडांनीच हात वर केले.

आता आपल्याकडचं. देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढते. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा तुकडा असला आणि वरून पाहता त्यातली दहा टक्के जागा झाडांच्या छत्राखाली असली, की तो ‘वनाच्छादना’त धरतात. जमीन कुणाची, झाड कोणतं, हा प्रश्न नाही. आमराई चालते, निलगिरीची लागवड चालते. संस्था हे लपवत नाही, व्याख्या अहवालातच छापलेली असते. आम्हा पत्रकारांतले बरेच जण तिथवर जात नाहीत, आकडा उचलतात आणि मथळा करतात. 2023 च्या अहवालात देशाचं वनाच्छादन 21.76 टक्के आहे. त्यात आपल्या येऊरसारखं जंगल किती आणि आमराया किती, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही.

2019 चा पावसाळा आठवतो? महाराष्ट्रात 33 कोटी झाडं लावायची मोहीम होती. जुलैत रोप, फावडं, पाहुणे आणि फोटो, ही बातमी सगळ्यांनी केली. वृक्षारोपणाची बातमी खरं तर मे महिन्यात करायची असते. तेव्हा जाऊन बघायचं, काय जगलं आणि काय नुसती काडी उरली. ठाण्या-मुंबईच्या टेकड्यांवर तेव्हा हमखास हिरवी दिसते ती उंदीरमारी. मध्य अमेरिकेतलं झाड, फांदी खोचली तरी लागतं, त्यामुळे लक्ष्य पुरं करणाऱ्यांचं लाडकं. तिच्याखाली काय उगवतं ते तुम्हीच एकदा येऊरच्या वाटेवर बघा.

आणि येऊरवरून आठवलं. आई सध्या शेवळं आणत असेल. बाजाराच्या तोंडाशी बसणारी ती पाड्यावरची मावशी शेवळांच्या जुडीबरोबर मूठभर काकडं का देते? कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळांची खाज जात नाही. म्हणजे एका भाजीला दोन गोष्टी लागतात. एक कंद, जो वर्षभर पाचोळ्याखाली पडून असतो आणि पहिल्या सरींबरोबर वर येतो. आणि एक काकडाचं झाड, जे मोठं होऊन फळावर यायला वर्षं घेतं. या दोन्ही गोष्टी कुठल्याही निविदेत नसतात. रोपं मोजणाऱ्याला शेवळं मोजता येत नाहीत. त्या मावशीला मात्र कुठल्या उताराला कुठल्या आठवड्यात ती येतात हे पाठ असतं. जंगल म्हणजे काय हे मला या धंद्यात पडल्यावर नाही, तुमच्या स्वयंपाकघरात कळलं. तेव्हा खाज सुटली म्हणून तुम्ही ताट सरकवलं होतं, तेही लक्षात आहे.

तुम्ही म्हणाल, पर्जन्यवृक्ष तरी कुठे आपला? नाहीच, तोही अमेरिका खंडातून आलेला. काही वर्षांपूर्वी मुंबईत पिठ्या ढेकणाने हेच पर्जन्यवृक्ष कितीतरी वाळवले. रस्तेच्या रस्ते एकाच झाडाचे, आणि बुंध्याला गळ्यापर्यंत काँक्रीट. हार्झचीच गोष्ट, फक्त किडा वेगळा. म्हणून आपल्या गल्लीतले तिन्ही पर्जन्यवृक्ष वाचवाच असा माझा हट्ट नाही. पिठाच्या गिरणीसमोरचा आतून पोकळ आहे, त्याला पावसाआधी हात लावलेलाच बरा. पण कोपऱ्यावरचा ठणठणीत आहे. जांभूळ आणि करंज तर रस्त्याच्या आखणीत येतात असं फोटोवरून वाटतच नाही.

हार्झच्या राष्ट्रीय उद्यानात मेलेली झाडं बऱ्याच भागात तशीच ठेवली आहेत. खाली रोवन आणि बर्च आपोआप उगवले आहेत, मधूनमधून डिजिटॅलिसचे गुलाबी तुरे. उद्यानाबाहेर मात्र ओंडके उचलून पुन्हा लागवड चालली आहे, या वेळी बीच, ओक, मेपल मिसळून. कोण बरोबर यावर गावात वाद आहेत. पर्यटकांना मेलेलं जंगल आवडत नाही, आणि खानावळी पर्यटकांवर चालतात. मला उद्यानवाल्यांचं पटतं, पण माझं पोट त्या गावावर नाही, तेव्हा माझ्या मताची किंमत तेवढीच.

पोटावरून तुमचा दुसरा प्रश्न. नाही, ही नोकरी नाही. फेलोशिप सप्टेंबरात संपेल आणि मी पुन्हा लेखामागे मानधन या हिशोबावर येईन. एका संपादकांना या दौऱ्यावर ‘जर्मनी किती पुढे’ असा लेख हवा होता. मी कळवलं की लेख आहे, पण उलटा आहे. घेतला त्यांनी. पैसे दोन महिन्यांनी येतील. तुम्ही ‘नियमित’ हा शब्द उच्चारण्याआधी सांगते, भाडं भरलेलं आहे.

आता काम. फोटोत हरकतीची शेवटची तारीख तुमच्या अंगठ्याखाली गेली आहे, ती आजच जाऊन बघा. हरकत साध्या कागदावर चालते. सातही झाडांची नावं आणि छातीच्या उंचीवरचा घेर लिहा. आईचा शिवणाचा टेप चालेल. कोपऱ्यावरच्या झाडाला 1971 च्या फोटोची प्रत जोडा. मग चारच प्रश्न विचारा : बदली झाडं कोणत्या जातीची, कुठल्या जागेवर, पाणी कोण घालणार आणि किती वर्षं. ‘मोकळ्या जागेत’ एवढंच उत्तर आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज टाकू, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दादाला माहीत आहे. सोसायटीतल्या सह्या मिळाल्या तर उत्तम, पण सेक्रेटरींची वाट बघत बसू नका, त्यांना तिथे पार्किंग हवं आहे.

दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर हरकत दिलीच नाही असं धरतात.

आईला नमस्कार.

तुमची,
मुग्धा

ता. क. टेप दोरीने वाढवू नका, घेर मोठा निघाला तर दोनदा लावून बेरीज करा. आणि जांभळाच्या बुंध्याला मुंगळे आहेत, पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.