अर्नाळकरांचा आकडा पुरे, आता यादी हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मराठी रहस्यकथांवरचा लेख वाचला. बाबुराव अर्नाळकरांच्या वाट्याला त्यात दोन ओळी आल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय-छोटू हे नायक, हजारावर पुस्तकं, गिनीज बुकात नोंद, झालं. लेखकाला दोष देत नाही. अर्नाळकरांवर लिहायला बसलं की सगळ्यांचीच गाडी त्या आकड्यापाशी येऊन थांबते.

बरं, आकडा तरी एक असावा! गिनीजने १९३६ ते १९८४ या काळातली १,०९२ पुस्तकं मोजली. आपल्याकडे १,०४२ हा आकडा फिरतो. जन्मसालही कुठे १९०६, तर कुठे १९०७. पन्नास पुस्तकांत एखाद्या लेखकाचा उभा जन्म जातो. महिन्याला जवळजवळ दोन पुस्तकं लिहिणाऱ्या अर्नाळकरांना तेवढ्याला सव्वादोन वर्षं पुरली असती. तरीही, ही कोणती पन्नास, असं कुणी विचारत नाही.

गेल्या दिवाळीत माळा साफ करताना वडिलांची पत्र्याची ट्रंक उघडली. तळाशी अर्नाळकरांची अकरा पुस्तकं निघाली. कागद पिवळाधमक, हात लावला की कोपरा हातात येतो. बहुतेकांवर सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का, म्हणजे वडिलांनी ती परत केलीच नव्हती. एकाचं मुखपृष्ठ आणि पहिली चार पानं गायब आहेत. पाचव्या पानाच्या माथ्यावर कुणा दुष्टाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'खून भाच्याने केला'. (वाचून पाहिलं. भाच्यानेच केला होता.) शीर्षक गेलं, खुनी तेवढा उरला.

अकरापैकी दोनांवरच साल छापलेलं आहे. बाकीच्यांचा तपास मी गुप्तहेर धनंजयच्या थाटात हाती घेतला. किंमत आण्यांत असेल तर पुस्तक साधारण १९५७च्या आधीचं, कारण दशमान नाणी त्या वर्षी १ एप्रिलला आली. 'नवे पैसे' असेल तर १९५७ ते १९६४ च्या दरम्यानचं. जून १९६४ मध्ये त्यातलं 'नवे' गेलं. प्रकाशकाच्या पत्त्यात नुसतं 'मुंबई ४' असेल तर बहुधा १९७२नंतरचं नव्हे, कारण पिनकोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. मागच्या कव्हरावरच्या 'आगामी' कथांच्या जाहिरातीवरून कोणतं पुस्तक कोणाच्या आधी, हेही लागतं. नऊपैकी सात पुस्तकांचं दशक तरी असं पक्कं झालं.

मग हुरूप येऊन एका जुन्या ग्रंथालयात चौकशीला गेलो. उत्तर मिळालं, "असली पुस्तकं आम्ही कधीच काढून टाकली, काका." असली म्हणजे कसली, हे विचारायचं राहून गेलं. तिथल्या कपाटातल्या काही प्रतिष्ठित कादंबऱ्यांची जोडलेली पानं आजवर कुणी कापून सुटीसुद्धा केलेली नाहीत. माझ्या अकरांच्या मात्र वाचून वाचून चिंध्या झाल्यात.

हे काम अशक्य नाही, म्हणून हे पत्र. शंकर गणेश दात्यांची 'मराठी ग्रंथसूची' १९५०पर्यंत येते. सुरुवात तिथून करता येईल. दुसरं साधन सरकारी आहे. १८६७च्या छापखाने व पुस्तक नोंदणीच्या कायद्याने दर तीन महिन्यांनी पुस्तकांची यादी राजपत्रात छापायची असे. तिच्यात नुसतं नाव नसे. मुद्रक, प्रकाशक, पानं, किंमत, आवृत्ती कितवी, प्रती किती काढल्या आणि कॉपीराइट कोणाचा, एवढं सगळं असे. तो शेवटचा रकाना मला सगळ्यात मोलाचा वाटतो. तिथे चंद्रकांत सखाराम चव्हाण, म्हणजे खुद्द अर्नाळकर, किती वेळा दिसतात आणि प्रकाशक किती वेळा, यावरून या माणसाच्या हाती काय पडलं याचा अंदाज येईल. शिवाय १९५४च्या कायद्याने प्रत्येक पुस्तकाची एक प्रत मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जायला हवी होती. किती गेल्या, ते कपाटं उघडल्यावरच कळेल.

अर्नाळकर १९९६ साली गेले. म्हणजे त्यांच्या लेखनावरचा हक्क २०५६च्या अखेरपर्यंत कायम. पुस्तकं सरसकट स्कॅन करून वाटता येणार नाहीत. पण यादी करायला कुणाची परवानगी लागत नाही. मराठीच्या एखाद्या विभागाने दोन विद्यार्थी वर्षभर या कामाला लावावेत. आपल्या वाचकांनीही माळे, ट्रंका, गावाकडची फडताळं धुंडाळावीत आणि सापडेल त्या पुस्तकाचं शीर्षकपान व मागचं कव्हर यांचे फोटो पाठवावेत. आपण महिन्यातून एकदा चौकटीपुरती जागा दिलीत तरी पुष्कळ. माझ्या अकरांचे फोटो तयार आहेत.

तूर्त एक विनंती. भाचा खुनी निघतो अशी झुंजारकथा कुणाला आठवत असेल, तर तिचं नाव आपल्यामार्फत कळवावं.

आपला,
एक वाचक, डोंबिवली