ब्रेक दाबला की स्टिअरिंग का नाचतं

मुलुंड, जुलै

प्रिय मिलिंद,

तुझं पत्र मिळालं. 'चारही डिस्क वाकल्यात, बदलून टाका' म्हणणाऱ्या त्या गॅरेजवाल्याला आधी थांबव. अरे, डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची लोखंडी तबकडी, ती तुझ्या गाडीत फक्त पुढच्या दोन चाकांना; मागे ड्रम ब्रेक आहेत. चार डिस्क तो लावणार कुठे?

फ्रीवेवर ऐंशीला गाडी मख्खन चालते आणि ब्रेकवर पाय ठेवला की स्टिअरिंग हातात नाचतं, हे तू लिहिलंस ते बरं केलंस. ब्रेक न लावताही थरथरली असती तर मी आधी टायरचं बॅलन्सिंग करून घे म्हटलं असतं. स्टिअरिंग हलतं म्हणजे दुखणं बहुतेक पुढच्या चाकांत. नुसती सीट आणि पेडल थरथरलं असतं तर मागच्या ड्रमवर संशय घेतला असता. आणि ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक मारल्यावर पायाखाली जी करकर होते ती एबीएसची, म्हणजे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, तिची काळजी नको.

डिस्क खरोखर वाकणं तसं विरळाच. बहुतेक वेळा तिची जाडी सगळीकडे सारखी राहत नाही. मिलिमीटरच्या एक-दोन शतांश इतका फरकही पुरतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडमध्ये जाड भाग आला की पकड वाढते, पातळ भाग आला की कमी होते, आणि चाक फिरेल तसा तो हिसका थेट तुझ्या हातापर्यंत येतो. बोरघाट उतरून, तापलेले ब्रेक तसेच दाबून खालापूरच्या टोलच्या रांगेत उभं राहिलं की पॅडचा थर एकाच जागी डिस्कला चिकटतो, त्यानेही हे होतं.

पण तुझ्या बाबतीत मला वेगळीच शंका आहे. पुढच्या डिस्क तू दिवाळीतच नव्या टाकल्यास ना? मुंबईच्या दमट हवेत हबच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या, तोंडावर गंजाचे पापुद्रे धरतात. ते न घासता वर नवी डिस्क चढवली की ती केसभर तिरकी बसते. सुरुवातीला काहीच कळत नाही. मग फिरताना ती दर फेऱ्याला त्याच जागी पॅडला घासत राहते आणि काही हजार किलोमीटरांत तिथली जाडी बिघडते. तू आता पुन्हा डिस्क बदलल्यास तरी गंज तिथेच राहणार, आणि होळीपर्यंत तू मला हेच पत्र परत लिहिशील.

म्हणून आधी मोजू. चाक काढून, डिस्क नटांनी घट्ट आवळून, कडेपासून साधारण दहा मिलिमीटर आत डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) लावायचा आणि डिस्क हाताने सावकाश फिरवायची. काटा ०.०५ मिलिमीटरच्या पुढे हलला तर डिस्क उतरवून हब तारेच्या ब्रशने लख्ख करायचा आणि पुन्हा मोजायचं. हबचं बेअरिंगच ढिलं असेल तर तोही तिथेच कळेल. कॅलिपरच्या (पॅड दाबणाऱ्या पकडीच्या) पिना जाम नाहीत ना, लोअर आर्मचे (चाकाला धरणाऱ्या खालच्या दांड्याचे) रबरी बुश फाटले नाहीत ना, तेही त्याच वेळी बघून घेऊ. डिस्क लेथवर फिरवायची वेळ आलीच, तर तिच्यावर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जायचं नाही. चाकाचे नट आवळायचे ते समोरासमोरचे, टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लावला ते मोजणाऱ्या पान्याने. पंक्चरवाले मशीनने कडाकडा आवळतात, त्यानेही डिस्क तिरकी होते.

रविवारी सकाळी गाडी घेऊन ये. डायल गेज मी मेहुण्याकडून आणून ठेवतो. तोवर कुणाला अॅडव्हान्स देऊ नकोस, आणि पुढच्या गाडीपासून जरा लांबच राहा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
राजा